प्राणवायूची ग्वाही

‘घरच्या घरी ऑक्सिजन वाढवा’ एवढे चार शब्द मोबाइलवर टंकले, की मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिळून इतके व्हिडिओ समोर येतात की ते पाहून संपवायला एक चातुर्मास पुरायचा नाही. त्यांत नळ्या आणि मास्क लावून दाखवणारे छातीचे डॉक्टर असतात, यंत्रे विकणारे दुकानदार असतात, कापराची पुरचुंडी हुंगायला सांगणाऱ्या आजी असतात, आणि कर्करोग ऑक्सिजनला घाबरतो असे छातीठोकपणे सांगणारे गुरूही असतात. गेली तीन वर्षे मी हे व्हिडिओ पाहतो आहे आणि एका वहीत त्यांची टिपणे ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. माझा मूळ नाद जुन्या औषधी जाहिरातींचा. रद्दीवाल्यांकडून आणि बंद पडलेल्या वाचनालयांच्या गठ्ठ्यांतून मासिकांची मागची पाने जमवायची आणि त्यांतल्या ‘रामबाण’ वस्तूंचे पुढे काय झाले ते शोधायचे, एवढाच माझा उद्योग. त्या उद्योगातूनच लक्षात आले की या व्हिडिओंची कुळकथा यूट्यूबच्या जन्मापासून, म्हणजे २००५ पासून, सुरू होत नाही. ती अडीचशे वर्षांची आहे; खुद्द प्राणवायूइतकीच जुनी.

यामागे निव्वळ नाद आहे असेही नाही. आमच्या गल्लीत आज तीन घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो. रात्री रस्ता शांत झाला की त्यांची घरघर ऐकू येते. त्यांपैकी एका घरातले काका, आयुष्यभर गिरणीत काम केलेले, आपल्या यंत्राचा प्रवाह दोन लिटरवर ठेवायचा की चारवर हे मोबाइलवर पाहून ठरवतात. डॉक्टरांची भेट तीन महिन्यांनी. मोबाइल मात्र उशाशी. तेव्हा हे व्हिडिओ खरे किती आणि खोटे किती हा प्रश्न माझ्यापुरता तरी केवळ ग्रंथालयातला राहिलेला नाही.

१ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टली यांनी मोठ्या भिंगाने सूर्याची किरणे पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटली आणि त्यातून निघालेली हवा गोळा केली. तिच्यात मेणबत्ती भडकून जळाली. पुढच्या वर्षी त्यांनी एक उंदीर त्या हवेत कोंडला. तेवढ्याच साध्या हवेत उंदीर पाव तास जगला असता. इथे तो त्याच्या दुप्पट वेळ टिकला. मग प्रीस्टलींनी ती हवा स्वतः ओढून पाहिली. नंतर बराच वेळ छाती हलकी वाटत राहिली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आणि पुढे मागे ही चैनीची वस्तू होईल, असा तर्कही केला आहे. पण त्याच लिखाणात त्यांनी एक शंका नोंदवली आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. मेणबत्ती या हवेत जशी लवकर जळून संपते, तसे निरोगी माणसाचे आयुष्यही लवकर सरेल की काय, ही ती शंका. शोध लावणाराच मात्रेबद्दल साशंक होता. ही शंका पुढच्या प्रचारकांनी सोयीस्करपणे गाळली.

पहिला मोठा प्रचारक मात्र भोंदू नव्हता. टॉमस बेडोज हे ब्रिस्टलचे विद्वान डॉक्टर. वेगवेगळ्या ‘हवा’ हुंगवून रोग बरे करता येतील अशी त्यांची खात्री होती. जेम्स वॅट, म्हणजे वाफेच्या इंजिनाचे वॅट, यांची मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली. बेडोज तिच्यावर उपचार करत होते. दुःखातून उठलेला तो बाप थोड्याच दिवसांत कामाला लागला आणि वायू तयार करून रुग्णाला देण्याचे उपकरण त्याने आखले. वॅट यांच्याच कंपनीने ते बनवून विकले, आणि त्यात घरगुती वापराचा लहान नमुनाही होता. मी शोधलेल्या इतिहासात ‘घरी ऑक्सिजन’ची ही सर्वांत जुनी यंत्रे. बेडोज आणि वॅट यांनी १७९४ ते १७९६ या काळात यावर मिळून एक ग्रंथ भागाभागाने काढला. तो चाळताना मी थबकलो, कारण त्याचा मोठा हिस्सा पत्रांचा आहे. अमक्या गावच्या डॉक्टरने तमक्या बाईला ही हवा दिली आणि तिला आराम वाटला, अशी पत्रेच पत्रे. एकेका पत्राच्या जागी तीन मिनिटांचा व्हिडिओ ठेवून पाहा. फारसा फरक उरत नाही.

१७९९ मध्ये बेडोज यांनी ब्रिस्टलला वायुचिकित्सेची संस्थाच काढली आणि विशीतल्या हंफ्री डेव्हीला तिथे प्रयोगांसाठी नेमले. गंमत अशी की बेडोज यांच्या मते क्षय हा प्राणवायू जास्त झाल्याने होणारा रोग होता, म्हणून क्षयाच्या रोग्यांना ते प्राणवायू कमी असलेली हवा देत, आणि इतर कितीतरी विकारांना जास्त असलेली. दोन्हीकडून आराम पडल्याची पत्रे येत. डेव्हीच्या चरित्रात एक हकिकत सांगतात. अर्धांगवायूच्या एका रुग्णाला वायू देण्याआधी ताप पाहावा म्हणून डेव्हीने त्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. हाच तो नवा उपचार असे समजून त्या भाबड्या माणसाला लगेच बरे वाटू लागले. डेव्हीने काही न बोलता दोन आठवडे रोज फक्त थर्मामीटर ठेवला आणि माणूस सुधारून घरी गेला. हकिकत तिखटमीठ लावलेली असेल, पण ती त्या संस्थेबद्दल सांगितली जावी हे काही उगीच नाही.

त्याच वर्षी ब्रिस्टलपासून फार तर चार-पाच कोसांवर, बाथमध्ये, जॉन हेगार्थ नावाचे डॉक्टर वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. अमेरिकेतून आलेल्या ‘पर्किन्सच्या सळया’ तेव्हा फार गाजत होत्या. धातूच्या दोन टोकदार सळया दुखऱ्या अंगावरून फिरवायच्या, दुखणे जाते. हेगार्थ यांनी लाकडाच्या तशाच सळया करून रंगवल्या आणि पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचपैकी चौघांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी खऱ्या सळया फिरवल्या, तेव्हाही तेच. काम एका दुपारचे, खर्च जवळजवळ शून्य. बेडोज यांच्याकडे मोठ्या देणग्या होत्या, वॅटसारखा यंत्रज्ञ होता, डेव्हीसारखा प्रतिभावंत होता. लाकडी सळई तेवढी नव्हती. त्या संस्थेतून प्राणवायूचा उपचार म्हणून काहीच हाती लागले नाही. डेव्हीला तिथे नायट्रस ऑक्साइडचे, म्हणजे हास्यवायूचे, गुण सापडले, तो योगायोग.

प्रामाणिक माणसांनी मोकळी सोडलेली जागा पुढे धंदेवाइकांनी घेतली. १८७० नंतर फिलाडेल्फियात स्टार्की आणि पॅलन या जोडीने ‘कंपाउंड ऑक्सिजन’ विकायला सुरुवात केली. टपालाने घरी औषधाची बाटली आणि काचेचे हुंगण्याचे साधन यायचे. पाण्यातून बुडबुडे काढत रुग्णाने श्वास ओढायचा. क्षय, दमा, डोकेदुखी, अशक्तपणा, सगळ्यांवर एकच इलाज. औषध खपवण्यासाठी त्यांनी प्रशस्तिपत्रांनी भरलेले नियतकालिकच चालवले. ग्वाही देणाऱ्यांत विल्यम केली हे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते आणि टी. एस. आर्थर हे त्या काळचे लोकप्रिय लेखकही होते. केली यांना खरोखरच बरे वाटले असेल, यात मला शंका नाही. प्रशस्तिपत्र खोटे असण्याची गरजच नसते, ही या सगळ्या इतिहासातली खरी मेख आहे.

त्यानंतर आलेल्या हर्क्युलिस सँचे यांच्या ‘ऑक्सिडोनर’ने तर वायूचीही कटकट ठेवली नाही. एक बंद धातूची नळी, तिला तार. तार घोट्याला बांधायची आणि नळी थंड पाण्यात सोडायची. म्हणजे शरीर आपोआप हवेतला प्राणवायू शोषू लागते म्हणे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा उपकरणांची ‘गॅस पाइप’ उपचार म्हणून टर उडवली. पण टर उडवून माल खपायचा थांबत नाही, हे आपण मराठी वाचक आपल्या मासिकांच्या मागच्या पानांवरून चांगले जाणतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. प्राणवायू हे खरे औषध ठरले ते कोणी ग्वाही दिली म्हणून ठरले नाही; मोजमाप आले तेव्हा ठरले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसे जळालेले सैनिक समोर येईपर्यंत रुग्णालयांत प्राणवायू देण्याची रीत म्हणजे सिलिंडरच्या नळीला नरसाळे लावून ते तोंडापुढे धरणे. बहुतेक वायू खोलीत जाई. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लेख लिहिला, मिनिटाला किती लिटर हे मोजून देणारा मास्क तयार केला आणि प्राणवायू सलग द्यायला हवा हे ठासून सांगितले. लिटर आणि वेळ हे दोन आकडे तिथे आले. माझ्या वहीतले बहुसंख्य व्हिडिओ आजही हाल्डेनच्या अलीकडचे नाहीत. ते नरसाळ्याच्या काळातले आहेत.

मोजमाप नसले की वैद्यकशास्त्राच्या आतूनही अनर्थ होतो, याची दोन उदाहरणे देतो. पहिले जवळजवळ विनोदी. कॅन्सस सिटीचे डॉ. ऑर्व्हल कनिंगहॅम १९२० च्या दशकात रुग्णांना पोलादी टाकीत, दाबलेल्या हवेत ठेवत. एका उद्योगपतीच्या पैशातून १९२८ मध्ये त्यांनी क्लीव्हलँडला ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभारला. आत हॉटेलसारख्या खोल्या होत्या. मधुमेह, कर्करोग, उपदंश असे सगळे तिथे बरे होते असा दावा होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुरावा मागितला, मागत राहिली. तो आला नाही. गोल काही वर्षांत बंद पडला आणि दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेला. उच्च दाबाच्या प्राणवायूचे खरे उपयोग आहेत: पाणबुड्यांना होणारा विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, काही प्रकारच्या न भरणाऱ्या जखमा. पण आज घरात फुगवून झोपायच्या पिशव्यांचे व्हिडिओ पाहिले की मला तो गोल आठवतो. यादी तीच, फक्त उपदंशाच्या जागी ऑटिझम आला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१३ मध्ये या यादीविरुद्ध जाहीर सूचना काढावी लागली.

दुसरे उदाहरण विनोदी नाही. १९४२ मध्ये बोस्टनचे डॉ. टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत अंधत्वाचा एक नवा प्रकार नोंदवला. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार बाळे आंधळी झाली. ती प्रामुख्याने चांगल्या, आधुनिक, संपन्न रुग्णालयांतली होती. मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये बोट ठेवले ते इनक्युबेटरमध्ये उदारपणे सोडलेल्या प्राणवायूवर. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात याची तुलना करून पाहायचे ठरले. काही बाळांना प्राणवायू कमी द्यायचा, काहींना नेहमीसारखा. तेव्हा तिथल्या जुन्या परिचारिका रात्री गुपचूप ‘कमी’वाल्या बाळांचा प्राणवायू वाढवत, कारण बिचाऱ्या लेकरांना हवा कमी पडते आहे हे त्यांना बघवत नसे. पुढे अठरा रुग्णालयांच्या मोठ्या चाचणीने दोष कुठे आहे ते पक्के केले. त्या परिचारिकांना वाईट कोण म्हणेल? जास्त प्राणवायू म्हणजे जास्त जीव, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की आपण ‘प्राणवायू’ हा शब्दच तसा घडवला आहे. इंग्रजीतल्या ऑक्सिजनचा मूळ अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. लाव्हाझिएचा तो समज चुकीचा ठरला. आपला शब्द अर्थाने सुंदर आहे, पण मात्रेच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे.

घरी प्राणवायू देण्याचा आजचा उपचार उभा आहे तो मुख्यतः दोन चाचण्यांवर. डेन्व्हरचे थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात सीओपीडीच्या रुग्णांना वाहून नेता येईल असा द्रवरूप प्राणवायू देऊन पाहिला होता. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सहा केंद्रांची चाचणी प्रसिद्ध झाली: २०३ रुग्ण, निम्म्यांना फक्त रात्री, निम्म्यांना जवळजवळ दिवसभर. फक्त रात्री घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. १९८१ मध्ये ब्रिटनची चाचणी आली: एडिनबरा, शेफील्ड आणि बर्मिंगहॅम मिळून ८७ रुग्ण, काहींना मिनिटाला साधारण दोन लिटर, दिवसाला किमान १५ तास, बाकीच्यांना प्राणवायू नाही. पाच वर्षांत प्राणवायू घेणाऱ्या ४२ पैकी १९ दगावले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०.

या दुसऱ्या चाचणीत एक तपशील आहे. पुरुष रुग्णांच्या जगण्यात फरक दिसायला सुमारे ५०० दिवस लागले. पहिल्या ५०० दिवसांत प्राणवायू घेणारे आणि न घेणारे सारखेच. आता विचार करा, या उपचाराचा व्हिडिओ कसा काढणार? पंधराव्या दिवशी रुग्ण काय सांगणार? नळीमुळे नाक कोरडे पडते, झोप मोडते, बाहेर जाता येत नाही, एवढेच. खऱ्या उपचाराची ग्वाही देण्यासारखे रुग्णाजवळ पहिले दीड वर्ष फारसे काही नसते; आणि कापूर हुंगल्यावर मेंथॉलसारखा गारवा नाकात जातो, मोकळे वाटते, त्याची ग्वाही दोन मिनिटांत देता येते. व्हिडिओ हे माध्यमच दोन मिनिटांचे. या लढाईत खोटेपणाआधी कालमानानेच निकाल लागलेला असतो.

आणि हा उपचार सगळ्यांसाठीही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, ४२ केंद्रांतल्या ७३८ रुग्णांत, ज्यांचा प्राणवायू विश्रांतीत किंवा चालताना थोडासाच उतरतो, त्यांना घरच्या ऑक्सिजनने ना आयुष्य वाढले, ना रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या. उलट सीओपीडीच्या झटक्यात भरमसाट प्राणवायू दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. टास्मानियाच्या रुग्णवाहिकांत ४०५ रुग्णांवर हे तपासले गेले आणि २०१० मध्ये निकाल आला: जोरात प्राणवायू दिलेल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के. म्हणूनच अशा अनेक रुग्णांसाठी डॉक्टर ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. आमच्या काकांनी पाहिलेला व्हिडिओ ९८ दिसेपर्यंत प्रवाह वाढवायला सांगतो. कोविडच्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या मनात ९५ च्या वरचा आकडा म्हणजे पास आणि खालचा म्हणजे नापास असे बसले, ते अजून निघालेले नाही.

कोविडच्या त्या दिवसांकडे आता यायलाच हवे. एप्रिल-मे २०२१. नाशिकमध्ये २१ एप्रिलला टाकीतून प्राणवायूची गळती झाली आणि महापालिकेच्या रुग्णालयात वीसहून अधिक रुग्ण गेले. लोक सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगेत होते. दिल्लीत आग विझवण्याची नळकांडी रंगवून ऑक्सिजन सिलिंडर म्हणून विकणारे पकडले गेले. अशा वेळी माणूस मोबाइलकडे वळला तर त्याला अडाणी म्हणणारा मी नव्हे.

तेव्हाचे जे व्हिडिओ आणि निरोप माझ्याकडे साठवलेले आहेत, त्यांची जात पाहण्यासारखी आहे. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी. होमिओपॅथीचे अमुक थेंब. पिंपळाखाली बसणे. पडद्यावर एक ठिपका एका टोकाकडून दुसरीकडे जाईपर्यंत श्वास रोखून धरता आला तर तुम्हाला कोविड नाही, ही ‘चाचणी’. आणि फरिदाबादहून आलेला तो प्रसिद्ध व्हिडिओ: पांढऱ्या कोटातले डॉक्टर नेब्युलायझर हातात धरून सांगत होते की सिलिंडर मिळत नसेल तर हेच लावा, औषधसुद्धा घालू नका, हवेत भरपूर ऑक्सिजन आहे. संबंधित रुग्णालयाने या दाव्याला पुरावा नाही असे जाहीर केले, डॉक्टरांनीही खुलासा केला, पण खुलासा मूळ व्हिडिओच्या मागे लंगडत चालला. नेब्युलायझरचा पंप खोलीतलीच हवा ढकलतो, तिच्यात २१ टक्के प्राणवायू. तो २१ चे २२ करू शकत नाही. हे समजायला डॉक्टर असावे लागत नाही. पण कोट पांढरा होता.

याच गर्दीत एक खरा व्हिडिओही फिरत होता. पालथे झोपा, उशा अशा ठेवा, दर काही वेळाने कूस बदला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याची चित्रे असलेली पत्रकेच काढली होती. पालथे झोपल्याने फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागात हवा पोचते, हे अतिदक्षता विभागांत आधीपासून तपासलेले होते. आता मला सांगा, सामान्य माणसाने काय ओळखायचे? एकीकडे पालथे झोपणे, दुसरीकडे पुरचुंडी. दोन्ही फुकट, दोन्ही घरगुती, दोन्ही कोणी ओळखीच्याने पाठवलेले. उलट पुरचुंडी ओळखीची आणि पालथे झोपणे विचित्र. ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सगळा भार टाकणे अन्यायाचे आहे, असे माझे मत त्या दोन व्हिडिओंमुळे बनले.

यंत्रांची कथाही तशीच. ३० एप्रिल २०२१ रोजी केंद्र सरकारने परदेशातून भेट म्हणून, टपालाने वा कुरियरने, कॉन्सन्ट्रेटर मागवायला मुभा दिली. अमेरिकेतल्या आणि आखातातल्या मराठी मुलांनी आईवडिलांसाठी यंत्रे धाडली. या यंत्रात झिओलाइट नावाच्या खनिजाची चाळणी असते. ती दाबाखाली हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि उरलेला, नव्वद टक्क्यांच्या वरचा प्राणवायू नळीत जातो. पण त्या लाटेत स्वस्त यंत्रेही आली. त्यांवर ‘१ ते ७ लिटर’ असे ठळक आणि ‘३० ते ९३ टक्के’ असे बारीक छापलेले. अर्थ असा की एका लिटरला ९३ टक्के आणि सातवर नेले तर ३०, म्हणजे खोलीतल्या हवेहून जेमतेम बरे. विक्रीच्या व्हिडिओंत सात लिटर आणि ९३ टक्के हे आकडे एकाच वाक्यात येत. दोन्ही आकडे खरे, वाक्य खोटे.

मी आता व्हिडिओ पाहताना तीनच गोष्टी लिहितो: किती, किती वेळ, कोणाला. लिटर सांगितले का, तास सांगितले का, कोणत्या रुग्णाला लागू आणि कोणाला नाही हे सांगितले का. हेच गणित विकाऊ मालालाही लावता येते. पर्समध्ये मावणारा १० लिटरचा ऑक्सिजनचा डबा दोन लिटरच्या प्रवाहाने पाच मिनिटांत संपतो. ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ घ्या. एक लिटर पाण्यात, शुद्ध प्राणवायूखाली ठेवले तरी, खोलीच्या तापमानाला सुमारे ३० मिलिलिटर विरघळतो. आपल्या एका साध्या श्वासात, अर्धा लिटर हवेत, १०० मिलिलिटर असतो. बाटली विकत घेण्याऐवजी एक श्वास घ्यावा.

विद्यापीठांतले अभ्यासक माझ्याहून पद्धतशीर आहेत. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘डिसर्न’ नावाची १६ प्रश्नांची पट्टी ते व्हिडिओंना लावतात; त्याआधी १९९७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकाने चार कसोट्या सुचवल्या होत्या: लिहिणारा कोण, आधार कोणता, हितसंबंध कोणते, तारीख कोणती. या पट्ट्या उपयोगी आहेत. पण त्या मूळच्या छापील आणि लिखित माहितीसाठी आहेत, आणि त्या माहितीचे शिष्टाचार तपासतात. सत्य वेगळे तपासावे लागते. नाव सांगणारा, संदर्भ देणारा, तारीख टाकणारा माणूसही साफ चुकीचे सांगू शकतो. बेडोज आणि वॅट यांचा ग्रंथ या पट्टीवर उत्तम गुण मिळवील!

संदर्भ देऊन चुकीचे सांगण्याचा नमुना म्हणजे ओटो वारबुर्ग. पर्यायी ‘ऑक्सिजन थेरपी’चा क्वचितच एखादा व्हिडिओ त्यांच्या नावाशिवाय पुरा होतो: ‘कर्करोग ऑक्सिजनमध्ये जगू शकत नाही हे सिद्ध केल्याबद्दल १९३१ चे नोबेल’. साल बरोबर, माणूस बरोबर, पारितोषिकही बरोबर. पण ते मिळाले पेशींच्या श्वसनातल्या एका विकराचे स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल. गाठीतल्या पेशी साखर वेगळ्या रीतीने वापरतात हे वारबुर्ग यांचे निरीक्षण आजही अभ्यासाचा विषय आहे. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड पिण्याचा सल्ला निघत नाही. अमेरिकेत त्या तीव्र द्रावणाविरुद्ध २००६ मध्ये सरकारी इशारा निघाला होता. तोच सल्ला मी गेल्या वर्षी चांगल्या मराठीत ऐकला.

कायदा आहे का, तर आहे. १९५४ चा आपला औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा ‘जाहिरात’ या शब्दाची जी व्याख्या करतो, तिच्यात तोंडी सांगणे येते, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. धूर! मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय होते कोण जाणे, पण प्रकाश आणि ध्वनी म्हणजे व्हिडिओच की. मात्र जो विकत काही नाही, फक्त ‘माझा अनुभव’ सांगतो, त्याला या कायद्यात धरणे अवघड. आणि माझ्या वहीतले बहुतेक जण तेच करतात.

ऑक्सिमीटरबद्दलही एक सांगायचे राहिले. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व शोधले. ते एप्रिल २०२० मध्ये, त्यांचे यंत्र घरोघरी पोचण्याच्या ऐन तोंडावर, वारले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की यंत्रावर आकडा बरा दिसत असताना रक्तातला प्राणवायू खरोखर उतरलेला असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहे. बोटातून जाणारा प्रकाश त्वचेच्या रंगातूनही जातो. सावळ्या माणसांच्या देशातल्या व्हिडिओंत हे सांगणारा मला एखाद-दुसराच भेटला.

सध्या माझ्या वहीत एक नवा प्रकार भरतो आहे. २०२१ ची यंत्रे माळ्यावरून, मंडळांच्या खोल्यांतून, ट्रस्टच्या गोदामांतून खाली येत आहेत आणि जुन्या बाजारात विकली जात आहेत. झिओलाइट ओलावा शोषते. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या यंत्राची चाळणी निकामी होऊ शकते. मग यंत्र घरघरते, नळीतून हवा येते, बुडबुडे उठतात, पण त्या हवेत प्राणवायू किती हे डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवण्यासाठी काही व्हिडिओंत नळीच्या टोकाशी पेटती उदबत्ती किंवा मेणबत्ती धरतात. ज्योत भडकली की यंत्र ‘ओके’. १७७४ ची चाचणी. ज्योत चाळीस टक्क्यांनाही भडकते आणि नव्वदलाही, त्यामुळे तिच्यावरून यंत्र कळत नाही. आणि नाकात नळी असलेल्या माणसाजवळ, त्याच्या उशीच्या अभ्र्याजवळ, देवघरातल्या निरांजनापाशी, ती ज्योत काय करू शकते हे वेगळे सांगायला नको. बऱ्या यंत्रांत शुद्धता उतरली की पिवळा किंवा लाल होणारा दिवा असतो. ज्यांत तो नाही, त्यांची हवा ॲनालायझर नावाच्या मुठीएवढ्या उपकरणाने मोजावी लागते, आणि चांगल्या पुरवठादाराकडे ते असते. नळी लावायची, मिनिटभर थांबायचे आणि आकडा वाचायचा. अशा मोजणीचे मराठी व्हिडिओ मला आतापर्यंत दोन सापडले. दोन्ही पाहणारे थोडे आहेत.